गेट्स ऑफ द आर्क्टिक नॅशनल पार्कला आईबाबांना घेऊन जावं का? आणि कॅरिबू खरंच दिसतात का?

नाशिकची_लेक:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

बाबा येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. गावच्या शाळेत ३४ वर्षं भूगोल शिकवला त्यांनी, आणि मी स्वतः त्यांच्या वर्गात बसलेय, त्यामुळे टुंड्रा प्रदेशाचा धडा ते कसा शिकवायचे ते मला अजून आठवतं. फळ्यावर खडूने ६६.५ अंशाची तुटक रेष काढायचे, तिच्यावर बोट ठेवून म्हणायचे की ह्याच्या वर झाडं खुरटतात, मग संपतात, आणि मग नुसतं शेवाळ, दगडफूल आणि रेनडिअर. एवढी वर्षं शिकवलं पण हिमाचलच्या पलीकडे बर्फ बघितलेला नाही. मी आता पोर्टलंडला असते, आईबाबा जुलैच्या शेवटी तीन महिन्यांसाठी येतायत, आणि मला त्यांना त्या रेषेच्या वर न्यायचंय. क्रूझ नकोय, खिडकीतून बघायचं नाहीये, त्यांचे पाय तिथल्या जमिनीला लागले पाहिजेत एवढंच डोक्यात आहे.

वाचून वाचून अलास्कातल्या गेट्स ऑफ द आर्क्टिकवर येऊन थांबलेय. पण जेवढं वाचतेय तेवढी घाबरतेय. रस्ता नाही, पायवाट नाही, फोन नाही. बाबा ५८ आणि फिट आहेत, अंजनेरी अजून दोन तासांत चढून येतात, पण आई ५५ ची असून तिचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी आहे. हाताशी साधारण दहा दिवस आहेत. ऑगस्टमध्ये कॅरिबूंचे, म्हंजे तिकडच्या रानटी रेनडिअरचे, ते हजारोंचे कळप दिसतील का? ध्रुवीय अस्वल दिसेल का, बाबा सारखं विचारतात. डास खरंच एवढे असतात का? खर्च किती? आणि मुख्य म्हंजे हे वेडेपण आहे का, असेल तर स्पष्ट सांगा, मी तिकिटं अजून काढलेली नाहीत.


सह्यवारी:

ताई, मी स्पष्टच सांगतो, आईबाबांना तिकडे नेऊ नका. मी अलास्कातल्याच देनाली नॅशनल पार्कला दोनदा गेलोय, तिथे पार्कच्या बसमधून अस्वलं, मूस (मोठ्या सांबरासारखं हरीण), कॅरिबू सगळं दिसतं, राहायची सोय आहे, काही झालं तर रेंजर आहे. २०२१ पासून दरड सरकल्यामुळे तिथला रस्ता ४३ व्या मैलाशी बंद असायचा, तेवढं सध्या काय स्थिती आहे ते बघून जा, पण अर्ध्या रस्त्यातही भरपूर दिसतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टुंड्रात चालवणं बरोबर नाही.


फेअरबँक्सकर:

नाशिकची लेक, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. मी १७ वर्षं अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात आहे, गेट्सला आत्तापर्यंत सहा वेळा जाणं झालंय, त्यातल्या एका वेळेस माझे सासूसासरे बरोबर होते, त्यामुळे सह्यवारींचं म्हणणं चुकीचं नसलं तरी जमतच नाही असं नाही. कसं जायचं त्यावर आहे.

आधी जागेचा अंदाज घ्या. पार्क आणि त्याला लागून असलेला प्रिझर्व्ह, म्हंजे राखीव प्रदेश, मिळून ३४ हजार चौरस किलोमीटर, म्हंजे नऊ गोवे मावतील त्यात. ब्रूक्स रेंज नावाची डोंगररांग आडवी पसरलीय, अख्खा पार्क आर्क्टिक वृत्ताच्या वरच आहे, म्हंजे बाबांची रेष पार करूनच आत शिरायचंय. आणि एवढ्या जागेत वर्षाला माणसं येतात दहा-बारा हजारांच्या आसपास. गेट नाही, तिकीट नाही, प्रवेश फी नाही, एकही आखलेली वाट नाही. ‘गेट्स’ म्हंजे आपल्याला वाटतं तसं फाटक नव्हे, कोयुकुक नदीच्या नॉर्थ फोर्कच्या दोन्ही बाजूंना फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल माउंटन असे दोन डोंगर समोरासमोर उभे आहेत, बॉब मार्शल नावाचा माणूस १९२९ साली तिथे भटकत होता त्याने त्यांना उत्तरेचा दरवाजा म्हटलं, तेच नाव राहिलं.

तुमच्यासारख्यांना जायचे तीन रस्ते. पहिला, फेअरबँक्सहून छोट्या विमानाने बेटल्सला जायचं, तासाभराचं अंतर. बेटल्स हे मूठभर घरांचं गाव, तिथे राहायची सोय आहे, रेंजर स्टेशन आहे, आणि तिथून तळ्यावर उतरणारी फ्लोटवाली विमानं पार्कात सोडतात. दुसरा, अनाक्टुवुक पास नावाचं गाव आहे, ते पार्कच्या आतच आहे, तिथेही फेअरबँक्सहून नेहमीची विमानं जातात. तिसरा, डाल्टन हायवेने कोल्डफूटपर्यंत गाडीने, अडीचशे मैल, बराचसा खडीचा रस्ता, तेलाच्या पाइपलाइनसाठी १९७४ साली केलेला, बहुतेक भाड्याच्या गाड्यांना तिथे न्यायची परवानगीच नसते त्यामुळे करार नीट वाचा नाहीतर टूरच्या व्हॅनने जा. कोल्डफूटला मोठं व्हिजिटर सेंटर आहे आणि तिथून थोडं पुढे वाइझमन नावाचं जुनं खाणकामगारांचं गाव. हायवे पार्कच्या पूर्वेच्या कडेने जातो, आत शिरत नाही.

माझा सल्ला असा की आईंना चालवूच नका. फ्लोटप्लेनने एखाद्या तळ्याकाठी उतरायचं, तिथेच तीन-चार दिवस तंबू ठोकून राहायचं, बरोबर एक चांगला गाइड घ्यायचा, आणि चालायचं ते त्या तळ्याच्या आसपास. सासूबाईंचे गुडघे तुमच्या आईंसारखेच होते. त्या रोज सकाळी खुर्ची घेऊन पाण्याकाठी बसायच्या आणि आम्ही पाच मैल तंगडतोड करून काही न बघता परत यायचो तेव्हा त्या सांगायच्या की मूसची मादी पिल्लाला घेऊन पलीकडून पाण्यात उतरली होती, पोटापर्यंत आत जाऊन डोकं बुडवून पाण्यातलं गवत ओढून खात होती, वर काढलं की कानांतून पाणी गळायचं.

खर्चाचं सांगतो. विमान माणशी नसतं, अख्खी खेप भाड्याने घ्यावी लागते, सोडायला एक आणि आणायला एक, म्हंजे तिघांत मिळून काही हजार डॉलर नुसते उडण्याचे धरा, गाइड वेगळा. वजनाला मर्यादा असते, माणसांसकट सगळं काट्यावर ठेवतात. स्टोव्हचा गॅस आणि बेअर स्प्रे पोर्टलंडहून विमानात आणता येत नाही, चेक-इन बॅगेतसुद्धा नाही, इथे येऊन घ्यायचा. अन्न ठेवायला अस्वलाला उघडता न येणारे डबे लागतात, ते रेंजर स्टेशनवर फुकट उसने मिळतात, आधी फोन करून विचारा. त्यांचं ओरिएंटेशनही घ्या, ते लोक नदीला पाणी किती आहे, कुठल्या खोऱ्यात काय दिसलंय हे सगळं जीव ओतून सांगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतीचं पोर्टलंडचं तिकीट ट्रिप संपल्यावर किमान तीन दिवसांनी काढा. ढग खाली आले की विमान येत नाही म्हंजे नाही.


ऊनपाऊस:

वाचनखूण साठवली. फेअरबँक्सकर दादा, कृपया डासांबद्दल पण लिहा.


फेअरबँक्सकर:

जूनचा शेवट आणि जुलै हा डासांचा खरा काळ. वर्षभर गोठलेली जमीन असल्याने वितळलेलं पाणी खाली मुरत नाही, वरच साचतं, त्यामुळे सगळीकडे डबकी आणि मग काय विचारता. ऑगस्टच्या मध्यापासून रात्री थंडी पडायला लागते आणि ते खूपच कमी होतात. बारीक चावऱ्या माश्या मात्र राहतात, डोक्यावरून घ्यायची जाळी आणाच, दोन-चार डॉलरची वस्तू आहे. तुमच्यासाठी १२ ते २५ ऑगस्ट उत्तम. ब्लूबेरी पिकलेली असते, टुंड्रा लाल-केशरी व्हायला लागतो, रात्री अकराच्या आसपासही बऱ्यापैकी दिसतं, आणि महिन्याच्या शेवटी शेवटी अंधार झाला की नशिबाने नॉर्दर्न लाइट्स पण. बर्फ मात्र कधीही पडू शकतो, ऑगस्टमध्येही, तशी तयारी हवी.


रानपाखरू:

ताई, प्राण्यांच्या प्रश्नाला मी उत्तर देते कारण तेच माझं वेड आहे. पुण्याहून आम्ही पाच जणी गेलो होतो, अनाक्टुवुक पासहून नऊ दिवस चालत.

ध्रुवीय अस्वल इथे नाही. ते समुद्राच्या बर्फावर सीलची शिकार करणारं जनावर आहे आणि हा पार्क डोंगरातला. इथे ग्रिझली, काळं अस्वल, लांडगा, वुल्व्हरीन, मूस, कड्यांवर पांढऱ्याशुभ्र डाल शीप, आणि कॅरिबू. मस्कऑक्स, म्हंजे लांब केसांचे बैलासारखे प्राणी, क्वचित, ते जास्त करून डाल्टनवर पार्कच्या उत्तरेला दिसतात. त्यांची गोष्ट बाबांना सांगा, अलास्कातले मस्कऑक्स एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत शिकारीने पार संपले होते, १९३० साली ग्रीनलंडहून ३४ जनावरं आणली, आधी फेअरबँक्सला ठेवली, मग नुनिव्हाक बेटावर सोडली, आज अलास्काभर आहेत ती सगळी त्या ३४ ची लेकरं.

कॅरिबूंचे हजारोंचे कळप ऑगस्टमध्ये दिसतील का तर बहुधा नाही, आणि हे मी मुद्दाम आधीच सांगतेय. वेस्टर्न आर्क्टिक हर्ड नावाचा जो मोठा कळप आहे तो वायव्येला पिल्लं घालतो आणि हिवाळ्याला दक्षिणेकडे उतरतो, त्याची ती मोठी वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि अलीकडे ती आणखी उशिरा होते. २००३ साली त्या कळपात ४ लाख ९० हजार जनावरं होती, २०२३ च्या मोजणीत दीड लाखाच्या जरा वर उरलीत. हा आकडा वाचला तेव्हा मला दोन दिवस सुचत नव्हतं. त्यामुळे कुठल्या टूरवाल्याने ऑगस्टमध्ये हजारो कॅरिबूंची खात्री दिली तर विश्वास ठेवू नका.

पण पाच-दहा, वीस-पंचवीस अशी छोटी टोळकी दिसू शकतात, आणि माझं प्रामाणिक मत असं की तेच जास्त आत जातं. आम्हाला सहाव्या दिवशी पहाटे दिसले. दिसले म्हंजे आधी ऐकू आले. तंबूत अर्धवट झोपेत होते, बाहेरून टक टक टक टक असा आवाज, जसं कुणी बोटं मोडतंय, पण खूप जण आणि न थांबता. मला वाटलं पाऊस सुरू झाला. चेन इंचभर खाली ओढली तर दगडगोट्यांच्या पात्रातून चौदा कॅरिबू चालले होते, माझ्यापासून आपल्या एसटी स्टँडच्या एका फलाटावरून दुसऱ्या फलाटाएवढ्या अंतरावर. कॅरिबूच्या पायातली शीर हाडावरून सरकते तेव्हा हा आवाज होतो, पाऊल टाकलं की टक. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात हे बाबांना माहीतच असेल, पण शिंगांवरची मखमल सुटून लालभडक चिंध्या लोंबत असतात ते बघायला मिळतं ऑगस्टच्या शेवटी. शेवटच्या पिल्लाने वळून तंबूकडे बघितलं, नाक वर केलं, आणि पळत जाऊन आईला गाठलं. पुढचा अर्धा तास आमच्यातली एकही बोलली नाही.

ग्रिझली एकदाच, पलीकडच्या उतारावर, दुर्बिणीतून. इथली अस्वलं किनाऱ्यावरच्यांपेक्षा लहान असतात, त्यांना सालमनची चंगळ नाही, मुळं, बेरी आणि जमिनीतल्या खारी यांच्यावर गुजराण. आमच्यासमोर ती मादी एक बीळ उकरत होती, पाऊण तास, नुसती माती मागे उडतेय आणि फक्त पाठीवरचा उंचवटा दिसतोय. आसपासच्या बिळांवरून बाकीच्या खारी शिट्ट्या मारतायत. शेवटी मिळाली का नाही ते कळलं नाही, ती उठली, अंग झटकलं आणि दुसऱ्या बिळाकडे गेली. त्या खारीची म्हंजे आर्क्टिक ग्राउंड स्क्विरलची कमाल अशी की ती वर्षातले सात-आठ महिने झोपते आणि तेव्हा तिच्या शरीराचं तापमान शून्याच्याही खाली, उणे २.९ अंशापर्यंत जातं आणि तरी रक्त गोठत नाही. हे फेअरबँक्सच्याच विद्यापीठात शोधून काढलंय.

पक्ष्यांचं एकच सांगते नाहीतर मी थांबणार नाही. हिवाळ्यात आपल्याकडे नदीकाठी, उसाच्या शेताच्या कडेला ब्लूथ्रोट येतो ना, गळ्यावर निळा पट्टा आणि मधे तांबूस ठिपका, शेपटी सारखी वर करणारा, त्या जातीचे पक्षी उत्तर अलास्कातसुद्धा घरटी करतात आणि हिवाळ्याला बेरिंग समुद्र ओलांडून आशियात उतरतात. आणि व्हीटइअर नावाचा चिमणीएवढा पक्षी अलास्कातून निघून थेट पूर्व आफ्रिकेत जातो, पंचवीस ग्रॅमचा जीव तो. पुण्यात वीस वर्षं ब्लूथ्रोट बघितलाय मी, तिकडच्या विलोच्या झुडपांसमोर उभी राहिले तेव्हा पहिला विचार तोच आला की अरे, ही त्याच्या माहेरची झाडं.


सह्यवारी:

रानपाखरू ताई, वाचताना अंगावर काटा आला. मला एक सांगा, चालायला नक्की किती अवघड आहे? मी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, त्याच्यापेक्षा?


रानपाखरू:

अवघडपणा वेगळा आहे. चढ आपल्याकडे जास्त. तिकडे त्रास टसॉकचा, म्हंजे गवताच्या पुंजक्यांचा. भात कापल्यावर खाचरात सड राहतात ना, ते डोक्याएवढे मोठे आहेत आणि गुडघ्याएवढे उंच आहेत असं समजा, मधे पाणी, आणि वर पाय ठेवला की बुंध्यापासून डुलतात. वर ठेवलं तर पाय मुरगळतो, मधे ठेवलं तर बूट भरतो. पंधरा किलोची सॅक पाठीवर, दिवसाला पाच-सहा मैल झाले तरी खूप. आपण सह्याद्रीत एकामागून एक चालतो, तिकडे आम्हाला रेंजरने उलट सांगितलं, पसरून चाला, एकीच्या पावलावर दुसरीचं पाऊल नको, कारण नाजूक जमिनीवर पाच जणींची ओळ गेली तरी वाट उमटते आणि ती वर्षानुवर्षं जात नाही. दगडांची लगोर रचून खूण करायची नाही, तंबू नदीच्या गोट्यांवर लावायचा, गवतावर नाही. पहिल्या दिवशी हे फार विचित्र वाटलं, पाय आपोआप पुढचीच्या मागे जायचे.

नद्या सकाळी ओलांडायच्या, तेव्हा पाणी कमी असतं, आणि सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवायचा, पडलोच तर सॅक सोडता आली पाहिजे. विलोच्या दाट झुडपांतून जाताना सतत आवाज करायचा, अस्वलाला आपण येतोय हे आधी कळलं पाहिजे. आम्ही आरत्या म्हणत गेलो. मोठ्याने, टाळ्या वाजवत, एकीलाही लाज वाटली नाही.


पाणवाट:

मी उशिरा आलो धाग्यावर पण विमानाचा जो मुद्दा दादांनी लिहिलाय त्यावर माझा अनुभव लिहितो, म्हंजे ताईंना गांभीर्य कळेल. आम्ही चौघे नोआटॅक नदीत हवा भरून फुगवायच्या कनूने, म्हंजे होडीने, गेलो होतो. ही नदी पार्कातल्या माउंट इगिकपाकच्या उतारावरून निघते, वरच्या टप्प्यात शांत आहे, फार रॅपिड्स नाहीत, कुटुंबांनाही झेपते. दहा दिवसांची ट्रिप होती, सगळं छान झालं, दहाव्या दिवशी ठरलेल्या तळ्याकाठी सामान बांधून बसलो आणि विमान आलं नाही. ढग एवढे खाली की समोरचा डोंगर कमरेपासून वर दिसेना. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस, वारा, नाही. सॅटेलाइटवरून मेसेज यायचा, आज नाही, उद्या बघू. आमच्यापैकी एकाने, नाव नको, मी नको नको म्हणत असताना वजन वाचवायला जादाचं अन्न बेटल्सलाच ठेवलं होतं. तिसऱ्या रात्री चौघांत मिळून एक पाकीट ओट्स आणि अर्धा डबा डिंकाचे लाडू शिल्लक होते. त्या मित्राच्या आईने डोंबिवलीहून पाठवलेले. आम्ही एकेक लाडू चार भाग करून खाल्ला. चौथ्या दिवशी दुपारी आवाज ऐकू आला तेव्हा तो मित्र रडत होता.

वैमानिकाला दोष नाही, उलट त्याने न उडायचं ठरवलं म्हणून आम्ही सगळे आहोत. पण आपला परतीचा हिशोब तिथे चालत नाही. म्हणून ताई, चार दिवसांचं जास्तीचं अन्न, सॅटेलाइट मेसेंजर, आईबाबांची औषधं दुप्पट, आणि इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च बसतो का ते वाचून घ्या. मदत यायलाच दिवस लागू शकतात हे आईंना आधी सांगा, लपवू नका.


नाशिकची_लेक:

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी काल रात्री हे सगळं आईबाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. लाडवांचं ऐकून आई गप्प झाली आणि मग म्हणाली की मी दोन डबे करते. बाबांना ध्रुवीय अस्वल नाही म्हटल्यावर वाटलं नाराज होतील, तर ते म्हणाले बरोबर आहे, मी मुलांना तेच शिकवलं होतं, किनाऱ्यावर असतं, विसरलोच.

तर आता तळ्याकाठी मुक्काम असंच ठरवतेय, गाइडसकट. दोन शंका उरल्यात. एक खाण्याची, आई फोडणीशिवाय जेवत नाही आणि मला अस्वलाच्या नाकाची भीती वाटते. आणि दुसरी, अनाक्टुवुक पासला एक दिवस जाऊन यावं का, की गावात उगाच बघ्यांसारखं फिरणं वाईट दिसेल?


फेअरबँक्सकर:

फोडणी करा, बिनधास्त करा, फक्त तंबूपासून शंभर पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जेवणाची जागा, डब्यांची जागा आणि झोपायची जागा तीन वेगळ्या ठेवायच्या, आणि ज्या स्वेटरला हिंग-लसणाचा वास लागलाय तो घालून तंबूत झोपायचं नाही. टूथपेस्ट, साबण, विक्स हे पण डब्यात, वास येणारं सगळं डब्यात. मेतकूट भात, भाजणी, पिठल्याचं कोरडं मिश्रण, सातूचं पीठ, हे सगळं हलकं आणि गरम पाण्यात होणारं आहे. आमच्या सासूबाईंनी तर ब्लूबेरीची गूळ घालून चटणी केली होती, मूठ मूठ तोडून, स्वतः खाण्यापुरत्या बेरी तोडायला पार्कात परवानगी आहे.

अनाक्टुवुक पासला जरूर जा, आणि बघ्यांसारखं वाटू नये असं वाटत असेल तर आधी म्युझियममध्ये जा, सायमन पॅनिआक यांच्या नावाने आहे, ते तिथल्या लोकांचे पुढारी होते. हे नुनामिउट लोक, म्हंजे उत्तर अलास्काच्या मूळ रहिवासी इनुपिआटांपैकी डोंगरातले, पिढ्यानपिढ्या कॅरिबूंच्या मागे फिरत होते, १९४० च्या शेवटी-१९५० च्या सुमाराला या खिंडीत कायमचे राहिले. गावच्या नावाचा अर्थच कॅरिबूच्या लेंड्यांची जागा असा आहे, आणि मला हे नाव फार आवडतं, कारण ज्याच्यावर पोट चालतं त्याच्या लेंड्यासुद्धा आनंदाने मोजणाऱ्या माणसांनी ते ठेवलंय. चारेकशे वस्ती. कॅरिबूच्या कातड्याचे चेहऱ्यासारखे मुखवटे करतात, घ्यायचा असेल तर करणाऱ्याकडूनच घ्या. फोटो विचारून काढा. आसपासची बरीच जमीन त्यांच्या मालकीची आहे, तिथे मुक्काम करायचा तर आधी विचारा.

आपल्याकडे अभयारण्य झालं की बऱ्याचदा गाव उठवायची भाषा सुरू होते, इथे १९८० च्या कायद्याने पार्क झाला त्याच कायद्यात लिहिलंय की स्थानिक गावकरी पूर्वीसारखी पोटापुरती शिकार करत राहतील. त्यामुळे तुम्हाला कुणी कॅरिबूचं मांस सोलताना दिसलं तर आईंना आधी सांगून ठेवा, तोंड वळवू नका. त्यांच्यासाठी कळप कमी होणं म्हंजे फ्रीजर रिकामा राहणं आहे.

आणि मन मोकळं करतो, राहवत नाही म्हणून. पार्कच्या दक्षिणेला अँब्लरकडच्या तांब्याच्या साठ्यांसाठी २११ मैलांचा रस्ता करायचा घाट आहे, तो प्रिझर्व्हच्या एका भागातून कोबुक नदी ओलांडून जाणार. २०२४ मध्ये सरकारने तो नाकारला, २०२५ मध्ये पुन्हा हिरवा कंदील दिला. काही गावांना रोजगार आणि स्वस्त इंधन हवंय, काहींना कॅरिबूची वाट अडेल याची धास्ती आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. मला स्वतःला तो रस्ता नको आहे. त्यात ब्रूक्स रेंजमधले कितीतरी ओढे गेल्या काही वर्षांत अचानक नारिंगी झालेत, गंजल्यासारखे. गोठलेली जमीन वितळली, आतल्या खनिजांना पाणी आणि हवा लागली, आणि लोह आणि इतर धातू पाण्यात उतरायला लागले. मी एक असा ओढा वरून बघितलाय, आमच्या वैमानिकाने विमान तिरकं करून दाखवला आणि परत फेअरबँक्स येईपर्यंत तो काही बोलला नाही. पाणी पिण्यासाठी फिल्टर तर लागतोच, पण नारिंगी पाणी असेल तिथून पाणी घेऊच नका.


नाशिकची_लेक:

दादा, हे पण वाचून दाखवते बाबांना. बुकिंग झालं! १४ ऑगस्टला फेअरबँक्स, १५ ला बेटल्स, १६ ते १९ तळ्याकाठी, २१ ला जमलं तर अनाक्टुवुक पास, आणि परतीचं तिकीट २५ चं काढलंय, म्हंजे मधे चार दिवस मोकळे. बाबा नकाशावर अलात्ना, जॉन, कोबुक अशा नद्या पेन्सिलने काढत बसलेत, आईने गुडघ्याचा व्यायाम सुरू केलाय.

आईचा एक प्रश्न आहे, हसू नका कुणी, ती मनापासून विचारतेय. बाबांच्या धड्यात ते दगडफूल आहे ना कॅरिबूंचं, तर गोड्या मसाल्यात आपण घालतो तेच का ते, आणि असेल तर चिमूटभर घरी आणता येईल का?


रानपाखरू:

हसण्यासारखं काहीच नाही, आईंचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. दोन्ही दगडफुलंच, पण जात वेगळी. मसाल्यातलं झाडाच्या सालीवर, दगडावर वाढणारं पापुद्र्यासारखं, काळपट. कॅरिबूंचं जमिनीवर वाढतं, फिकट राखाडी, बारीक फांद्यांचं, जवळून बघितलं तर पानं गळालेल्या झाडांचं अख्खं जंगल बोटभर उंचीचं. सुकलेलं असलं की पायाखाली पापडासारखं मोडतं, दव पडलं की स्पंजसारखं मऊ. हिवाळ्यात कॅरिबू बर्फ खुराने उकरून तेच खातात, नाकाने वास घेऊन शोधतात.

पण आणू नका. ते वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, बोटभर उंचीला दहा-वीस वर्षं सहज लागतात. आईंना सांगा, तळ्याकाठी दगडावर बसून हात खाली सोडा, हाताला लागेल इतकं जवळ असतं ते. मसाल्याचा वास येतो का ते नाक लावून बघा आणि परत आल्यावर मला इथे कळवा, मी तेव्हा वास घ्यायचं विसरले.